फोटोतली चांदी

जुनी नाणी जमवायचा नाद मला शाळेत असल्यापासून आहे. आमच्या खानदानात कुणाच्या पेटीत एखादं नाणं सापडलं की ते आधी माझ्याकडे येतं. पूर्वी रुमालात बांधून यायचं, आता मोबाइलवर फोटो येतो. 'चाचा, याचे किती येतील?' एवढाच प्रश्न असतो.

चार वर्षांपूर्वी चिपळूणहून फुफीच्या नातीचा असाच फोटो आला. गांधी जन्मशताब्दीचं १९६९ चं दहा रुपयांचं चांदीचं नाणं. १५ ग्रॅम वजन, त्यात ८० टक्के चांदी. एका बाजूला गांधीजींचा चेहरा, दुसरीकडे अशोकस्तंभाचे सिंह. शिवाय मुंबईच्या टाकसाळीची 'बी' ही इंग्रजी खूण, म्हणजे नाणं प्रूफ. फुफाजी जहाजावर नोकरीला होते. एका सुट्टीत त्यांनी मुंबईत ते हौसेनं घेतलं होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पुस्तकं आणि गणवेशासाठी फुफीनं डबी बाहेर काढली होती.

प्रूफ म्हणजे नाण्याची प्रत नव्हे, ती पाडायची रीत. ठसा घासून चकचकीत करतात, चकतीही चकचकीत करतात आणि नाणं सावकाश, जोरानं पाडतात. मोकळी जागा आरशासारखी होते, चेहरा दुधी राहतो. मग त्याची प्रत ठरते. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकनानं १९४९ साली तिकडच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० असे आकडे लावले. आज जगभर तेच चालतात. प्रूफ नाणं नीट सांभाळलेलं असेल तर ते ६० च्या वर राहतं. हाताळून, घासून खराब झालं की त्याच्याही खाली उतरतं.

फोटोत आरसा काळाभोर दिसत होता, चेहरा पांढराशुभ्र. गालावर, कानावर झीज नव्हती. मी तिथल्या तिथे लिहिलं, '६५ ला मरण नाही.' त्या शब्दावर मुंबईच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं भाव ठरवला. नातीनं पुस्तकांची यादी दुकानदाराला देऊनही टाकली.

नाणं घेऊन मीच मुंबईला गेलो. व्यापाऱ्यानं ते कडेनं धरलं, दिव्याखाली जरासं कलतं केलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं. मीही कलतं केलं. सगळा आरसा केसासारख्या बारीक रेघांनी भरलेला! ठसा घासल्याच्या रेघाही असतात. पण त्या नाण्यावर उठून येतात आणि चित्राच्या कडेला थांबतात. या रेघा खोल होत्या, गांधीजींच्या गालावरून थेट पलीकडे गेलेल्या. पुसल्याच्या, घासल्याच्या. समोरून काढलेल्या फोटोत त्या दिसत नाहीत, कारण आरसा समोरचा अंधार तेवढा दाखवतो. शिवाय मोबाइल बारीकसारीक रेघा आपणच गुळगुळीत करून टाकतो. चांदीच्या भावापेक्षा थोडे जास्त देतो, असं तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी नाणं परत आणलं.

फुफीला विचारलं, "हे कधी पुसलं होतंस का?"

"पुसलं होतंस का म्हणजे? दर ईदला काढते. पेस्ट लावते, मऊ फडक्यानं घासते. ते गेले तेव्हापासून एक ईद चुकवली नाही. बघ कसं लखलखतंय!"

दर ईदेला एक रेघ, दर आठवणीला एक रेघ. मी काय बोलणार? मालातला ऐब सांगून विकावा, असं मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो. त्या दिवशी मात्र तो ऐब मी फुफीपासून लपवला. "बाजार पडलाय, फुफी," म्हणालो. हे बरोबर केलं की चूक, ते अजून ठरत नाही.

नातीला मात्र खरं सांगितलं. पुस्तकं आणि गणवेश मी घेऊन दिला. ती मदत नव्हती, माझ्या घाईचा दंड होता. न बघता बोललो होतो.

आता कुणी फोटो पाठवला की मी आकडा सांगत नाही. एका दिव्याखाली, वेगवेगळ्या कलांनी पाच-सहा फोटो मागतो, जमल्यास नाणं हलवून चित्रफीत. प्लास्टिकच्या डबीत असेल तर ओरखडा नाण्याचा की डबीचा, हेही विचारतो. एवढं करून 'अमुक ते अमुक, हातात घेतल्यावर बोलू' एवढंच कळवतो. फोटोत वाईट दिसलं तर विश्वास ठेवावा. चांगलं दिसलं तर थांबावं.

मागच्या ईदेला चिपळूणला गेलो होतो. फुफीनं डबी उघडली, फडकं हातात घेतलं.

"पुसू का रे?"

"नको फुफी, राहू दे. तसंच छान दिसतंय."

नातीनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच डबी मिटली.