कंबरपट्टा कुठला?

जुन्या चांदीच्या कंबरपट्ट्याचे मूळ शोधताना नजर प्रथम जाते ती मधल्या चौकटीच्या नक्षीकडे. तिथे मोर असतो, कमळ असते, कधी गजलक्ष्मी असते, आणि पाहणारा लगेच निकाल देऊन मोकळा होतो: मोर आहे म्हणजे राजस्थानचा, लक्ष्मी आहे म्हणजे दक्षिणेचा. हा निकाल बहुधा कच्चा ठरतो. गिऱ्हाइकाने नमुना आणून दिला की कुठलाही चांगला कारागीर तशी नक्षी उतरवतो. बिजागरी कशी बसवायची, झाळ कुठे द्यायची, पट्टा बंद कसा करायचा, या गोष्टी मात्र त्याच्या हातात वडिलांकडून आलेल्या असतात आणि गिऱ्हाईक त्यात लक्ष घालत नाही. म्हणून पट्टा आधी उलटा करून पाहावा.

पाठीमागची बाजू पुष्कळ सांगते. पत्रा मागून ठोकून उठाव काढला असेल, तर मागे खळगे आणि हत्याराच्या खुणा दिसतात, आणि शेजारशेजारच्या दोन चौकटी कधीच तंतोतंत सारख्या नसतात. ठशात दाबलेल्या चौकटी एकसारख्या असतात. एकीत पाकळीचे टोक तुटके असेल, तर सगळ्यांत तेच टोक तुटके असते. ओतीव काम जाड आणि जड असते, त्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. कडा झिजून आतून पिवळा किंवा तांबूस धातू डोकावत असेल, तर वर फक्त मुलामा आहे. विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी 1840मध्ये घेतले, तेव्हा विजेने मुलामा दिलेला पट्टा त्यानंतरचाच. अर्थात पाऱ्यात सोने कालवून दिलेला मुलामा त्याच्याही कितीतरी आधीचा आहे, हे विसरून चालत नाही.

मग धातू. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. (महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात ‘जर्मनचे पातेले’ म्हणतात ते तर ॲल्युमिनियमचे.) फरक ओळखण्याची जुनी रीत वजनाची. तीनशे ग्रॅमचा चांगल्या चांदीचा पट्टा पाण्यात बुडवला, तर वजन सुमारे 29 ग्रॅमने कमी भरते. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा पट्टा 34 ते 35 ग्रॅम गमावतो. पोकळ मण्यांत हवा अडकली असेल, तर हा हिशेब फसतो. सराफाकडचे क्ष-किरणांनी कस मोजणारे यंत्र जलद चालते, पण ते वरच्या थरापुरतेच पाहते, त्यामुळे जाड मुलाम्याला तेही भुलू शकते.

चांदीचा कस कधीकधी काळाकडे बोट दाखवतो. 1835पासून ब्रिटिश हिंदुस्थानातला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा होता आणि त्यात 91.7 टक्के चांदी होती. खात्रीची, सरकारी शिक्क्याची, घरोघर पोचलेली चांदी ती हीच. सोनाराला रुपये मोजून द्यायचे आणि तेवढ्या वजनाचा दागिना घडवून घ्यायचा, ही रीत सर्वत्र होती. 1940मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि 1947मध्ये रुपया निकेलचा झाला. 91च्या आसपासचा कस रुपये वितळवल्याची शक्यता सुचवतो, सिद्ध करत नाही. पट्ट्यावर ‘925’ असा ठसा असेल, तर तो बहुधा अलीकडचा आणि बाहेरच्या बाजारासाठी केलेला. भारतात चांदीला अधिकृत हॉलमार्क 2005मध्ये आला, म्हणून जुन्या देशी पट्ट्यावर ठसा नसणे हा दोष मानू नये.

ठसा असलाच तर कामी येतो. ‘ओ. एम.’ आणि सोबत ‘भुज’ ही अक्षरे कच्छच्या उमरसी मावजी यांची. दाट वेलबुट्टी आणि तिच्यात लपलेली जनावरे ही त्या कामाची ओळख. मद्रासकडच्या ‘स्वामी’ कामात देवादिकांच्या उठावाच्या आकृती ओळीने बसवलेल्या असतात, पी. ऑर अँड सन्स ही पेढी त्यासाठी नावाजलेली होती. खरी अडचण इथेच येते. साहेबांच्या मागणीवरून पुण्याच्या लष्कर भागातले कारागीरही चांदीवर देवांच्या आकृती काढत. तेव्हा चौकटीत विष्णू दिसला एवढ्यावरून पट्टा मद्रासचा ठरत नाही. कटकची तारकशी त्या मानाने चटकन ओळखू येते, कारण तिथे पत्र्याची जागा केसासारख्या तारेने घेतलेली असते. पण तारकाम करीमनगरलाही होते. लाल खड्यांचा, सोन्याचा मुलामा दिलेला ओड्डियाणम भरतनाट्यममुळे सगळ्यांना माहीत आहे. त्याची कारागिरी नागरकोविलजवळच्या वडसेरीला जपली गेली. कन्नड मुलखातला डाबू, गुजरात-राजस्थानचा अनेक सरींचा कंदोरा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीची चांदी यांची वैशिष्ट्ये निरनिराळी, पण सीमा पुसट. विणलेल्या तारेचा चपटा पट्टा तर दख्खनपासून सयामपर्यंत सापडतो आणि त्या विणीवरून काहीच ठरत नाही.

मुंबईसारख्या बंदरात परदेशी पट्टाही जुन्या बाजारात येतो. ‘84’ हा आकडा दिसला तर तो रशियन साम्राज्याच्या मापातला कस असतो. काळ्या मिनाकारीसारखे काम असलेले कॉकेशसचे पट्टे असे सापडतात. ‘सयाम’ असे कोरलेले असले, तरी सन लगेच लिहू नये. देशाचे नाव 1939मध्ये थायलंड झाल्यावरही कारागीर तो ठसा मारतच राहिले.

याहून मोठा गोंधळ घालते ती पट्ट्याची स्वतःची भटकंती. पट्टा मुलीला लग्नात मिळतो आणि तिच्याबरोबर सासरी जातो. बेळगावचा पट्टा जळगावच्या घरात निघतो तो असा. बाळंतपणानंतर त्यात दोन कड्या वाढतात, आणि त्या सासरच्या गावच्या सोनाराच्या असतात. ज्येष्ठा गौरींच्या कमरेला बांधण्यासाठी तो आवळला जातो, सावकाराकडे गहाण पडून परत येतो, नातीच्या डोहाळजेवणात दिसतो. कुठेतरी मळसूत्र निकामी होते आणि त्या जागी बाजारातला आकडा येतो. एका पट्ट्यात अशा तीन हातांची झाळ सापडणे हे नेहमीचेच. सर्वांत जुनी झाळ कोणती ते ओळखावे आणि मूळ तिथे शोधावे. मागे ओरखडलेली मोडी अक्षरे मिळाली, तर पट्टा एका मराठी घरात होता एवढे कळते. घडवणारा कोण हे त्यावरून कळत नाही. या दोन प्रश्नांची सरमिसळ विक्रेते जाणूनबुजून करतात, कारण ‘पेशवेकालीन’ म्हटले की किंमत चढते.

तो शब्द मुळातच संशयाने ऐकावा. 1876 ते 1878च्या दुष्काळात दख्खनच्या शेतकऱ्यांनी अंगावरची चांदी विकली आणि त्यातली पुष्कळशी मुंबईच्या टांकसाळीत वितळली. पुढेही घरात अडचण आली की आधी चांदीच जाई. पेशवाईतला पट्टा शिल्लक राहणे अशक्य नाही. दुर्मीळ मात्र निश्चित आहे. बाजारात ‘जुने’ म्हणून फिरणारे बहुतेक पट्टे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा त्याहून अलीकडचे असतात. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरच्या स्त्रियांच्या कमरेलाही मेखला आहेत. त्यावरून हौस दोन हजार वर्षांची ठरते. पट्ट्याचे वय त्यावरून काढणे हास्यास्पद आहे.

घरात असा पट्टा असेल, तर मोडीत घालण्याआधी किंवा चकाकीसाठी द्रावणात बुडवण्याआधी त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत, फाशाचा आणि बिजागरीचा जवळून काढावा, वजन लिहून ठेवावे. खोबणीतला काळपटपणा घासू नये. उठाव किती झिजला आहे ते त्यामुळेच दिसते. आणि तो कोणाच्या लग्नात, कोणत्या गावाहून आला, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला आजच विचारून घ्यावे.