पत्रा कापण्याआधी

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की सगळे नातेवाईक आपल्याला फुकटातला गॅरेजवाला समजू लागतात. माझ्या बाबतीत उलटं आहे. मामांचं खरोखरचं गॅरेज आहे आणि तिथे माझी किंमत 'बारा-तेराचा पाना दे रे' एवढीच!

दिवाळीच्या सुट्टीत तिथे एक जुनी जिप्सी आली. मारुतीने ही गाडी 1985 साली आणली आणि 2019 साली बंद केली, पण चिखलवेड्या मंडळींचा जीव अजून तिच्यातच अडकलेला. मालकांना 205/70 आर 15 ऐवजी 235/75 आर 15 टायर हवे होते. गाडी फक्त ऑफ-रोड स्पर्धेसाठी, ट्रेलरवरून न्यायची. "मडगार्ड कापा आणि बसवा, रविवारी स्पर्धा आहे," एवढं सांगून ते गेले.

मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. जुन्या टायरचा व्यास 668 मि.मी., नव्याचा साधारण 734. म्हणजे वर 33 मि.मी. जागा हवी, रुंदी 30 ने जास्त. झाला हिशेब! आमचे डेंटर मिस्त्री हसले. "भाचेसाहेब, गाडी काय कागदावर चालणार आहे?"

मग त्यांनी एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवलं. पाटे दबले, टायर मडगार्डात घुसला. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापायला लावलं आणि जिथे जिथे टायर घासला तिथे खडूने खुणा केल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाटा दबला की सरळ होतो, त्याची लांबी वाढते आणि चाक वर जाता जाता थोडं मागे-पुढेही सरकतं. म्हणून खुणांची कमान गोल आलीच नाही, एका बाजूला कललेली आली. हे आम्हाला कुठल्याच व्हायवात कुणी विचारलं नव्हतं.

जिथे थोडक्यात भागत होतं तिथे मिस्त्रींनी पत्रा कापला नाही. कमानीची आतली दुमड गरम करून हळूहळू आत वळवली. गरम केल्याने रंग सहसा तडकत नाही. पुढचं मडगार्ड बोल्टचं, काढून निवांत कापलं. खरी गोम मागे होती. तिथे बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे काठावर स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. काठ कापला की जोडच जातो. मग दोन्ही पत्रे पुन्हा जवळ आणून वेल्ड करायचे, प्रायमर मारायचा, फटीत सीलर भरायचा. नाहीतर चिखलाचं पाणी आत शिरतं आणि गंज आतून खात सुटतो.

शनिवारी संध्याकाळी मालक हजर. एका बाजूचं वेल्डिंग बाकी. "राहू द्या हो, वरून लांबी भरून रंग मारा. दिसतंय कुणाला?" मामा माझ्याकडे बघायला लागले, मी मिस्त्रींकडे. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, गाडी सोमवारी मिळेल. घाई असेल तर अशीच न्या, पण माझ्या हातची म्हणून सांगू नका." मालक चिडले, तणतणत गेले. गिऱ्हाईक गेलं असंच आम्हाला वाटलं. सोमवारी ते आले, वाकून मागचा जोड बोटाने चाचपून पाहिला आणि पूर्ण पैसे देऊन गेले.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे माझा रूम पार्टनर. त्याला रोजच्या गाडीला असेच टायर हवेत, मडगार्ड 'आपणच ग्राइंडरने उडवू' म्हणतो. मित्रा, व्यास दहा टक्के वाढला की मीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 ने पळत असते. ब्रेकचा टॉर्क तेवढाच, त्रिज्या जास्त, म्हणजे रस्त्यावरचा ब्रेक सुमारे नऊ टक्के कमी. चढावर इंजिन रडणार ते वेगळंच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही!

आपल्याला चार वर्षांनी डिग्री मिळेल. मिस्त्रींकडे दहावीचंही सर्टिफिकेट नाही. पण रंगाखाली झाकलं जाणारं काम चोख करायचं, आणि त्यासाठी गिऱ्हाईक गमवायची तयारी ठेवायची, हा पेपर ते केव्हाच पास झालेत. आपला अजून बाकी आहे.