आर्ची, प्रीडेटर आणि आपली कुंडलिका

परवा पेणहून रोह्याला बहिणीकडे गेलो होतो. नववीतला भाचा मोबाईलवर 'आर्ची व्हर्सेस प्रीडेटर' वाचत बसलेला. २०१५ चं कॉमिक, लेखन अलेक्स डी काम्पी, चित्रं फर्नांडो रुइझ. तोच आर्ची, बेटी, व्हेरोनिका, तेच गोड चेहरे. पण सुट्टीवरून परतल्यावर परग्रहावरचा शिकारी त्यांच्यामागोमाग रिव्हरडेलमध्ये येतो आणि एकेक जण मरायला लागतो.

म्हटलं, "हे काय रे भलतंच?"

"मामा, भारी आहे. तो आधी दिसतच नाही ना!"

मग त्याने वही काढली. स्वतःचं कॉमिक! भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे रोह्यात येतो आणि कुंडलिकेतून राक्षस निघतो. पण राक्षसाचं चित्रच नव्हतं.

"राक्षस कुठाय?"

"त्याचा नुसता वास येतो. रात्रीचा."

मला हसू आलं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिका आहे. कारखान्यांवर इथली घरं चालतात, बहिणीचंही चालतं, हे मान्य. म्हणून कुणावर बोट ठेवत नाही. पण वास कसला, पाण्यात काय, हे पोरांना कळायला नको?

मंडळी, हवेचे आणि नदीच्या पाण्याचे तपासणीचे आकडे दर महिन्याला चौकात, मराठीत, फलकावर लावा, एवढीच मागणी सगळे मिळून करूया. न दिसणाऱ्याशी लढायचं तर आधी तो दिसायला हवा. आणि हे काम फेणेचं नाही, आपलं मोठ्यांचं आहे.