मोटारीचा तांबेरा

लोखंडावर गंज ‘चढतो’ असें आपण म्हणतों. भाषेंत कित्येक क्रियापदें अशीं रूढ होऊन बसलीं आहेत कीं तीं वस्तुस्थितीच्या नेमकीं उलट बोलतात. त्यांतलेंच हें एक. वेल मांडवावर चढते, ताप अंगांत चढतो, तसा गंजही कोठून तरी बाहेरून येऊन पत्र्यावर चढत असावा, अशी या शब्दानें आपली समजूत करून दिली आहे. परंतु ज्यानें चार पावसाळे एखादी जुनी मोटार सांभाळली असेल त्याला विचारून पाहावें. मोटारीचा गंज आंतून बाहेर येतो. दाराच्या खालच्या कडेस शेंगदाण्याएवढा फुगवटा दिसूं लागला म्हणजे त्यामागचा पत्रा बहुधा आधींच संपलेला असतो. गंजाला मूळच्या लोखंडापेक्षां जागा अधिक लागते. म्हणून तो रंगाला पाठीमागून ढकलतो. जें आपल्याला दिसतें तें दुखणें नव्हे, दुखण्याची शेवटची खबर होय.

आमची मोटार प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, इटलीच्या फियाट ११०० च्या नमुन्यावर ही मोटार तयार होत असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं तिच्यावर मृत्युलेख लिहिले. आमची खाजगी म्हणून वांचली. वडील दौंडास रेल्वेंत नोकरीला होते. त्यांनीं ती मुंबईच्या एका गृहस्थांकडून जुनी घेतली, आणि तिच्याबरोबर कित्येक वर्षांची खारी हवाही विकत घेतली. शिरूर काय आणि दौंड काय, दोन्ही तालुके पर्जन्यछायेंतले; येथल्या कोरड्या हवेंत लोखंडाला दीर्घायुष्य लाभावयास हरकत नाहीं. पण मीठ एकदां सांध्यांत शिरलें कीं त्याला श्रावणांतल्या चार सरीही पुरतात.

२०२३ च्याच उन्हाळ्यांत नोंदणीच्या नूतनीकरणाची पाळी आली. पंधरा वर्षें उलटलेल्या खाजगी मोटारीला यासाठीं पूर्वीं ६०० रुपये पडत. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले होते. मोटारीसाठीं म्हणून माझ्याजवळ एकंदर २५,००० रुपये होते. पुण्याच्या एका गॅरेजनें सबंध पत्रेकामाचा अंदाज ९५,००० सांगितला. भंगारवाल्यानें मोटार आहे तशी उचलून नेण्याची तयारी दाखविली. अंकगणित भंगारवाल्याच्या बाजूचें होतें. वडील आतां नाहींत. आई या बाबतींत एक शब्दही बोलली नाहीं, फक्त रोज सकाळीं “गाडीवर कापड आहे ना रे?” एवढेंच विचारी.

प्रश्न केवळ भावनेचा असता तर मीं तो कसाबसा सोडविला असता. परंतु मागच्या आसनापुढचा गालिचा उचलून पाहिला, तेव्हां फरशीच्या भोकांतून अंगणांतली हरळी दिसली. नेमक्या त्याच जागीं माझी सात वर्षांची नात दोन आसनांच्या मध्यें उभी राहून शिरूरपासून दौंडापर्यंत अखंड बडबड करीत येते.

न्हावऱ्यावरून निघून, पारगांवाजवळ भीमा ओलांडून, चौफुल्याच्या वाटेनें मी एकटाच मोटार हळूहळू दौंडास घेऊन गेलों. तेथें एक वृद्ध पत्रेकारागीर आहेत. वडील त्यांना ‘मिस्त्री’ म्हणत, मीही म्हणतों. मिस्त्रींनीं मोटार डोळ्यांनीं पाहिली असें म्हणण्यापेक्षां कानांनीं पाहिली असेंच म्हटलें पाहिजे. कुंभारवाड्यांत मडकें पारखावें त्याप्रमाणें पेचकसाची मूठ पत्र्यावर आपटीत ते एका बाजूनें दुसऱ्या बाजूला गेले. कोठें खणखणीत आवाज आला, कोठें भिजल्या पुठ्ठ्यासारखा. जेथें आवाज मेला तेथें त्यांनीं दाभण टोंचली आणि ती आरपार गेली. दाराखालच्या पेटीसारख्या पट्टीत, म्हणजे उंबऱ्यांत, पाणी निघून जाण्यासाठीं कारखान्यानें ठेवलेलीं भोकें चिखलानें केव्हांच बुजलेलीं होतीं. तीस वर्षांचा चिखल तेथें ओल धरून बसला होता.

“गुरुजी,” ते म्हणाले, “ह्या गाडीला खाली निराळी चेसी न्हाई. पत्रा हीच तिची चेसी. जें दिसतंय त्याला पैसे मागनं. जें पेलतंय त्याला आधी.”

माझ्या पंचवीस हजारांची वांटणी या एका वाक्यानें होऊन गेली. फरशी, दोन्ही उंबरे आणि जॅक लावावयाच्या जागा आधीं. मडगार्डें, डिकीचें झांकण, रंग हें सारें मागून. मीं विचारपूस केली तेव्हां दुसऱ्या एका दुकानदारानें बारा हजारांत सगळी मोटार ‘नवी’ करून देण्याचें कबूल केलें होतें. त्याची युक्ति सोपी होती: भोकांवर जाळी, जाळीवर लांबी, लांबीवर रंग. ही लांबी पाणी शोषून घेते आणि आंतल्या लोखंडाला तें पाजीत राहते. एक पावसाळा ती मोटार नवी दिसेल यांत शंका नाहीं. गरिबाला खोटें काम स्वस्त पडतें असें कोण म्हणतो? तें त्याला दोनदां करावें लागतें.

मिस्त्रींनीं कुजलेला पत्रा कापला, आणि निरोगी लोखंडाची चकाकी दिसेपर्यंत ते कापीतच राहिले. पाहतांना जीव थोडा होई. बोटाएवढ्या भोकाच्या जागीं तळहाताएवढें खिंडार पडे. मग जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर त्या खिंडाराचा कित्ता काढून २० गेजच्या पत्र्याचें ठिगळ कापलें जाई. जोडकाम सीओटू वेल्डिंगचें. पण सलग शिवण घालावयाची नाहीं. येथें एक टांका, मग वीतभर दूर दुसरा, आणि मध्यंतरीं पत्रा निवूं द्यावयाचा; नाहीं तर पातळ पत्रा तापून पापडासारखा वांकडा होतो. सांधे निवल्यावर बंद पेटीच्या आंत तेल आणि ग्रीस यांचें पातळ मिश्रण सोडलें, कारण वेल्डिंगनें भाजलेली आंतली बाजू सर्वांत आधीं गंजते आणि तेथें कुंचला पोहोंचत नाहीं.

खर्च वांचविण्यासाठीं कांहीं कामें मीं घरीं आणलीं. बिजागऱ्या, आसनाच्या पट्ट्या, स्क्रू यांना तीन आठवडे मळीच्या पाण्यांत बुडवून ठेवलें. एक भाग मळी, नऊ भाग पाणी. साखरेच्या आणि गुऱ्हाळांच्या या मुलखांत राहून हा उपाय दुकानांतून कशाला आणावा? पशुखाद्याच्या दुकानांतली मळी पुरली. वास असह्य, मुंग्या अगणित. पण गंज मात्र हळूहळू सुटून आला आणि खालचें लोखंड जसेंच्या तसें राहिलें.

दुसरा प्रयोग हिरड्याचा. गंज बांधून टाकणारीं जीं औषधें बाजारांत मिळतात, त्यांतल्या कित्येकांचा गुण टॅनिनांत असतो. टॅनिन गंजाशीं मिळून काळा, घट्ट थर बनवितें. हिरड्यांत तें भरपूर आहे. हिरडा आणि हिराकस यांचीच शाई करून आपल्याकडे बोरूनें लिहीत असत. तो काळेपणा आणि हा काळेपणा एकच. ज्या भीमेच्या कांठीं दौंड आहे, तिच्या उगमाकडच्या डोंगरांत हिरड्याचीं झाडें आहेत. काढा लावलेली एक गंजकी पट्टी सकाळीं पाहिली, तों दफ्तरासारखी काळी झालेली. तथापि नातीच्या पायांखालच्या फरशीला मीं हिरडा लावला नाहीं. तेथें फॉस्फोरिक आम्लाचें बाजारी औषध, त्यावर प्रायमर आणि रंग. हौसेला मडगार्डाची आंतली बाजू पुरे.

गंमत अशी कीं ज्या फियाटच्या नमुन्यावर आमची मोटार झाली, त्याच नांवाचा कारखाना आज आमच्याच तालुक्यांत, रांजणगांवास आहे. आजकालच्या कारखान्यांत मोटारीचें सबंध शरीर आधीं फॉस्फेटनें धुऊन मग विजेच्या प्रवाहानें रंगाच्या कुंडांत बुडवितात. पेटीच्या आंतल्या कोपऱ्यांतही रंग पोहोंचतो. मिस्त्रींना मीं हें सांगितलें. “बरंय,” ते म्हणाले, “पन चिखलाचीं भोकं उघडी ठेवा म्हनावं.”

एकंदर १९,४०० रुपये लागले, शुल्क निराळें. प्लास्टिकची ताडपत्री मिस्त्रींनीं काढून टाकावयास लावली, कारण तिच्याखालीं ओल कोंडते. आतां सुती कापड असतें, आणि आईला तें पसंत नाहीं. उजव्या मडगार्डाचें काम पैशांअभावीं राहिलें. तेथें रेड ऑक्साइडचा तांबडा पट्टा आहे. शेजारचे शेतकरी गव्हाच्या पानांवरचा तांबेरा ओळखणारे, ते येतां-जातां थांबून पाहतात आणि “गुरुजी, अजून पसरतोय का?” म्हणून विचारतात.