सभासद पुण्यात, संसार लातुरात

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी, असं सहकार कायदा सांगतो. लातूरकरांना ती तारीख वेगळ्याच कारणाने पाठ आहे. 1993 साली त्याच दिवशी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. म्हणून आमच्या सोसायटीत शेवटचा दिवस कधी गाठत नाहीत. 17 तारखेचं मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडायच्या, हा शिरस्ता.

औसा रोडवरच्या आमच्या इमारतीत 24 फ्लॅट आहेत. गणपूर्तीला दोन तृतीयांश, म्हणजे 16 सभासद लागतात. ते काही जमत नाहीत. मग अध्यक्ष सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करतात, आम्ही चहा पितो आणि तीच आठ-नऊ माणसं त्याच खुर्च्यांवर पुन्हा बसतात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" हा विषय क्रमांक एक मी वाचते आणि कारभार पुढे सरकतो. समितीत महिलांची राखीव जागा भरायची म्हणून मला घेतलं होतं. सचिव व्हायला कोणी तयार होईना, म्हणून तेही माझ्याच गळ्यात पडलं. बँकेत उभी हयात गेली, तेव्हा ताळेबंदाची भीती नव्हती.

सभासद येत नाहीत याचं कारण साधं आहे, ते इथे राहतच नाहीत. कोणी पुण्यात, कोणी मुंबईत, एक जण हैदराबादला. त्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात त्या आया आणि त्यांची अकरावी-बारावीची मुलं. अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'ने शहराला नाव दिलं, तशी ही वस्तीही दिली. जूनमध्ये नांदेड, परभणी, हिंगोली, बीडकडून छोटे टेम्पो येतात. त्यांत एक पलंग, गॅस, कूलर, पुस्तकांची खोकी असतात. वडील गावाकडे दुकान, शेती नाहीतर नोकरी सांभाळतात. आई दोन वर्षांसाठी इथे संसार मांडते. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की तेच टेम्पो उलटे फिरतात. आमच्या नोंदवहीत मात्र या बायकांना जागा नाही. 'आय' आणि 'जे' नमुन्यांत सभासदांची नावं. या भाडेकरणींमुळे जमाखर्चात दिसतं ते फक्त बिनभोगवटा शुल्क, आणि तेही मालकाकडून, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या आतलं.

मी मूळची नांदेडची. वडील सरकारी कर्मचारी होते, आणि त्यांच्या कर्मचारी गृहनिर्माण संस्थेने गावाबाहेर एका शेतकऱ्याची जमीन घेतली होती. अकृषिक परवाना, लेआउट, रस्त्यांची आखणी असं सगळं होईपर्यंत वडिलांच्या तोंडी दुसरा विषय नसायचा. प्लॉटच्या चिठ्ठ्या काढायला लहान मूल म्हणून मला पुढे केलं होतं. कोपऱ्याचा प्लॉट कोणाला लागतो यावरून मंडळी किती अटीतटीला आली होती, ते अजून आठवतं. तिथे सगळे सभासद राहायलाच आले. एकजात ओळखीचे, एकाच खात्यातले. तरी घरं बांधून झाल्यावर संस्थेला काही काम उरलं नाही. ज्याची त्याची भिंत, ज्याचं त्याचं बोअर. खुल्या जागेवर देऊळ झालं, त्याची वेगळी समिती झाली आणि संस्था कागदावर राहिली. आज तिचं नाव रिक्षावाल्यांना ठाऊक आहे, एक थांबा म्हणून.

लातूरच्या इमारतीत भिंती सामाईक, लिफ्ट सामाईक आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी सामाईक. 2016 च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाने जमावबंदी लावली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींत पंचवीस लाख. बाहेरच्यांना ते अप्रूप वाटलं. आम्हाला चिंता होती ती आमच्या हौदात टँकर कधी रिता होतो याची. त्या उन्हाळ्यात इमारतीत नळाला पाणी सोडणं बंद करून घरटी मोजून घागरी दिल्या होत्या. रांगेत सभासद कोण आणि भाडेकरू कोण, हे कोणी विचारलं नाही. टंचाई सरली, मांजरा भरलं, आणि तो प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला.

यंदाच्या वर्षाचं मोठं काम झालं ते एका भाडेकरणीमुळे. पहिल्या मजल्यावर किनवटच्या एक वहिनी राहतात. मुलगी रात्री एक-दीडपर्यंत अभ्यास करते, म्हणून त्याही जाग्या. नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा वेळेचा भरवसा नाही. वॉलमनने अवेळी पाणी सोडलं की तेवढ्या रात्री जागं असणारं घर हेच. म्हणून मोटारीची किल्ली आपसूक त्यांच्याकडे गेली. त्यांनी मुलीच्या जुन्या शंभर पानी वहीच्या उरलेल्या पानांवर रकाने आखले: तारीख, पाणी आलं, पाणी गेलं, मोटार सुरू, मोटार बंद, हौदात किती. 'किती' मोजायला बांबूवर खिळ्याने खुणा केल्या. मी एवढी वर्षं लेजर पाहिलेली बाई, पण त्या वहीत एक खाडाखोड सापडली नाही.

श्रावणात त्या वही घेऊन वर आल्या. "काकू, मोटार बंद हाय, नळ बी न्हाई, तरी सकाळपर्यंत हौद खाली जायलाय. रोज एक खूण." आम्ही इतकी वर्षं उन्हाळ्यात टँकर वाढले की शहराला, पावसाला नाहीतर पाचव्या मजल्यावरच्यांच्या वॉशिंग मशीनला बोल लावत होतो. गवंडी बोलावून हौद रिकामा केला, तर पाइप आत शिरतो तिथला सांधा फुटलेला. दुरुस्ती दोन दिवसांत झाली. अहवालात ओळ पडली: "भूमिगत टाकीची गळती काढण्यात आली." कोणी शोधली, याला अहवालात रकाना नसतो.

बाकी प्रगती नेहमीसारखीच. गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, पावसाचं पाणी बोअरकडे वळवलं, सिंकिंग फंडाला हात लावला नाही. थकबाकी थोडी आटली. ती कशी आटली, हे मात्र सांगायला हवं. पुण्याच्या मालकाला दहा फोन करूनही मेंटेनन्स येत नाही. भाडेकरणीला सांगितलं तर ती भाड्यातून वळते करून महिन्याच्या पाच तारखेला आणून देते आणि पावती मागून घेते.

वाईट वाटण्यासारखंही घडलं. उदगीरहून एक मायलेकी फ्लॅट पाहून गेल्या. आडनाव कळल्यावर दोन सभासदांनी "सोसायटीने परवानगी देऊ नये" असा तोंडी आग्रह धरला. मी उपविधींची प्रत काढून दाखवली. सभासदाने फ्लॅट भाड्याने द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही. आगाऊ कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढंच. वाद तिथे थांबला. ती मुलगी आता किनवटच्या मुलीबरोबर क्लासला जाते. मनं तेवढ्याने बदलली असं मी म्हणणार नाही. लिफ्टमध्ये बोलणं सुरू झालंय, इतकंच.

वेळा अमावास्येला लातूर ओस पडतं. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते आणि गाव शेतात जातं. एरवी आम्ही इथले रहिवासी डबे भरून निघून जायचो आणि इमारतीत भाडेकरूच उरायचे. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टेम्पो लावला आणि सगळ्या पोरांना आणि त्यांच्या आयांना औशाकडच्या आपल्या शेतात नेलं. कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले पांडव, मडक्यातलं आंबील. वाटाणा, हरभरा, तुरीचे ओले दाणे आणि भाज्या घालून केलेली भज्जी मोठ्या पातेल्यात रटरटत होती, जोडीला बाजरीचे उंडे. परभणीच्या पोराला भज्जी म्हणजे तळलेली वाटली होती. त्याने तीनदा वाढून घेतली. आयांनी शेताच्या बांधावर बसून एकमेकींच्या मुलांचे टेस्टचे मार्क पहिल्यांदा विचारले नाहीत.

आपल्याकडे सहकारी गृहनिर्माणाची सुरुवातच भाडेकरूंपासून झाली. 1915 मध्ये मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकींच्या पुढाकाराने सारस्वत सोसायटी उभी राहिली. घरं संस्थेच्या मालकीची, सभासद तिचे भाडेकरू, अशी ती रचना होती. राहील तो सभासद. पुढे फ्लॅट ही गुंतवणूक झाली आणि राहणारा व मत देणारा यांची ताटातूट झाली. नांदेडला सभासद एका जागी होते, पण वाटून घ्यायला काही नव्हतं. इथे वाटून घ्यायला हौद आहे, आणि तो सांभाळणाऱ्यांना सभेत बसायची सोय नाही.

म्हणून यंदा ऐनवेळच्या विषयांत मी तो मुद्दा काढला. मेंटेनन्स वाढणार असं कळल्यामुळे पुण्याचे एक सभासद तणतणत आले होते. "भाडेकरूंना समितीत कशाला? उद्या हक्क सांगतील." मी म्हटलं, मताचा अधिकार कायद्याने नाहीच, निमंत्रित म्हणून बसतील. आणि गळतीच्या आधीची आणि नंतरची टँकरची बिलं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून आकडे पाहिले, मेंटेनन्स किती कमी वाढेल ते विचारलं.

ठरावात नाव घालायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. पुढच्या मेमध्ये नीट झाली की किनवटच्या वहिनी जातील, जूनमध्ये दुसरं कोणी येईल. इतिवृत्तात लिहिलं: "मोटारीची किल्ली व पाण्याची वही ज्या रहिवाशाकडे असेल, त्यांना व्यवस्थापक समितीच्या प्रत्येक सभेस निमंत्रित करावे." सूचक तिसऱ्या मजल्यावरचे काका, अनुमोदक पुण्याचे सभासद. ठराव सर्वानुमते मंजूर.