इरावतीबाईंची नाती

इरावती कर्वे यांचा अभ्यासविषय आप्तसंबंध हा होता. कोण कोणाचे काय लागते, त्याला काय म्हणून हाक मारतात, कोणत्या घरी मुलगी देता येते आणि कोणत्या घरी नाही, असल्या घरगुती वाटणाऱ्या प्रश्नांतून त्यांनी भारतीय समाजाची रचना उलगडून दाखवली. त्यांचे स्वतःचे आयुष्यही नात्यांच्या अंगाने पाहण्यासारखे आहे. त्यांतली काही नाती जन्माने आली, काही लग्नाने, आणि काही कोणत्याही वंशावळीत न बसणारी होती.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत धाडले. तिथे शकुंतला परांजपे ही तिच्या बरोबरीची मैत्रीण भेटली आणि शकुंतलेच्या आईने या मुलीला आपल्या घरीच ठेवून घेतले. अशा रीतीने फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरात इरावती दुसरी लेक म्हणून वाढली. पुस्तकांनी भरलेले, देवधर्माचा धाक नसलेले, वादविवादाला मोकळे असे ते घर होते.

पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी तिचे लग्न झाले. रसायनशास्त्र शिकवणारे दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. परांजपे हे महर्षींच्या नात्यातले, त्यामुळे माहेर आणि सासर एकमेकांत मिसळले. इरावतीबाईंनी पुढे परांजप्यांविषयी लिहिताना त्यांना ‘दुसरे मामंजी’ म्हटले. शकुंतला परांजपे यांनी ज्यांच्या संततिनियमनाच्या कार्याचा वारसा चालवला ते र. धों. कर्वे म्हणजे इरावतीबाईंचे थोरले दीर. विसाव्या शतकातल्या पुण्याच्या सुधारकी चळवळीचा बराचसा भाग या दोन घरांत सामावलेला होता, आणि इरावतीबाई दोन्ही घरांच्या होत्या.

मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम. ए. झाल्यावर १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या सासऱ्यांना सुनेने जर्मनीला जाणे पसंत नव्हते. दिनकररावांनी मात्र आग्रहाने पाठवले. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते वंशशुद्धीचा पुरस्कार करणारे मानवशास्त्रज्ञ ऑयगन फिशर. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध तपासण्याचे काम त्यांनी या विद्यार्थिनीकडे सोपवले. युरोपीय वंश श्रेष्ठ आहे, याला कवट्यांतून पुष्टी मिळेल अशी गुरूची अपेक्षा होती. मापे घेऊन झाल्यावर असा संबंध दिसत नाही, हा निष्कर्ष इरावतीबाईंनी मांडला. डॉक्टरेट मिळाली. गुरूचा मान राखूनही त्याचे म्हणणे पुराव्यावर घासून पाहायचे, ही रीत त्यांनी पुढे जन्मभर सांभाळली.

परत आल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्या महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले तेव्हा त्या तिथे रुजू झाल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेतल्या लांघणज येथे त्यांनी अश्मयुगीन माणसांचे सांगाडे अभ्यासले. गावोगाव हिंडून माणसांची मापे घेतली, वंशावळी उतरवल्या, आप्तवाचक शब्द आणि बायकांची गाणी जमवली.

या सामग्रीतून १९५३ मध्ये त्यांचा भारतातील आप्तसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडून ते भाषाकुलांशी ताडून पाहिले आहेत. उत्तरेत मुलगी नात्याबाहेर आणि गावाबाहेर द्यायची. गावातल्या सगळ्या मुली बहिणीच्या नात्याच्या, त्यामुळे नवरी नेहमी परक्या गावाहून येते. तिला सासरी ओळखीचा चेहरा नसतो, पदर डोक्यावरून खाली येतो, माहेरचा माणूस दिसणे हाच सण होतो. दक्षिणेत मामाशी, मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न होते. तिथे सासू पुष्कळदा आजी किंवा आत्याच असते, आणि सासर-माहेर ही फाळणी तितकी तीव्र राहत नाही. महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या सीमेवर. इथल्या बऱ्याच जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची मुलगी करत नाहीत. सासूला आत्याबाई म्हणण्याची मराठी रीत याच लग्नाशी जुळते. नात्याचा नियम बदलला की एका बाईचे सगळे आयुष्य बदलते, हे या ग्रंथातून जितके दिसते तितके त्याआधी क्वचितच कोणी दाखवले असेल. लुई द्यूमाँसारख्या अभ्यासकांनी त्याच्या पद्धतीवर टीका केली, पण भारतीय आप्तसंबंधांच्या अभ्यासाला त्याला वळसा घालून जाता आले नाही.

जातीचा विचारही त्यांनी याच सूत्राने केला. जात म्हणजे विस्तारलेला आप्तसमूह, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्रातले सगळे कुंभार एकाच जातीचे फाटे असतील, तर त्यांच्यात शारीरिक आणि सामाजिक सारखेपणा दिसायला हवा. मापे घेतल्यावर कुंभारांचे गट एकमेकांहून वेगळे निघाले. एका मूळ समाजाचे तुकडे पडून जाती झाल्या, हे घुर्ये यांचे मत त्यांनी त्यामुळे नाकारले. वेगवेगळे गट शेजारी शेजारी येऊन समाज बनला, असे मांडले. बर्लिनच्या गुरूनंतर मुंबईच्या गुरूशीही त्यांचा मतभेद झाला तो असा पुराव्यानिशी.

शिक्षिका म्हणून त्यांची ओळख वर्गापेक्षा शिवारात अधिक पटते. त्यांच्या उत्तरायुष्यातली बरीच संशोधनपर पुस्तके जोडनावांची आहेत. खेड्यातल्या गटसंबंधांवर यशवंत दामले यांच्याबरोबर, वाढत्या फलटण गावावर जयंत रणदिवे यांच्याबरोबर, आठवडे बाजारांवर हेमलता आचार्य यांच्याबरोबर. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी मुलगी जाई निंबकर हिच्याबरोबर केली आणि ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. आई आणि लेक इथे एकाच कामावरच्या सहकारी झाल्या.

मराठी वाचकाला त्या जवळच्या वाटतात त्या ललित लेखांमुळे. ‘परिपूर्ती’ या लेखात सभेतला वक्ता त्यांची ओळख वडील, सासरे, नवरा यांच्या नावांनी करून देतो आणि काहीतरी राहून गेल्याची चुटपुट लागते. मग रस्त्यात एक मुलगा दुसऱ्याला सांगतो की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि ओळख पुरी होते. ‘वाटचाल’मध्ये त्या वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला चालत जातात. दिंडीतल्या बायांशी जिव्हाळा जडतो, पण एकाच वाटेने चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायांची जेवणे वेगळी होतात, हेही त्या टिपल्यावाचून राहत नाहीत. पंढरीच्या विठ्ठलाला तर त्यांनी एका लेखात ‘बॉयफ्रेंड’ करून टाकले. भाविक नसलेल्या बाईने देवाशी जोडलेले हे नाते त्या काळच्या पुण्याला सोसायला जड गेले असेल.

१९६७ च्या ‘युगान्त’मध्ये हीच नजर महाभारताकडे वळली. भीष्माच्या प्रतिज्ञेची किंमत कुटुंबातल्या बायकांनी कशी मोजली, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवले. नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून संतती करून घ्यायच्या नियोगाच्या रूढीत दिराचा हक्क पहिला. त्या आधारे धर्म, म्हणजे युधिष्ठिर, हा कुंतीचा दीर विदुर याचा मुलगा असावा का, हा प्रश्न त्यांनी विचारला. पूज्य व्यक्तींना त्यांनी घरातली माणसे करून वाचले. १९६८ मध्ये या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आजीपण त्यांना थोडेच लाभले. ११ ऑगस्ट १९७० रोजी, ६४ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा बहुतेक नातवंडे लहान होती. ‘गंगाजल’ हा लेखसंग्रह त्यांच्या पश्चात १९७२ मध्ये निघाला. धाकटी मुलगी गौरी देशपांडे मराठीतली महत्त्वाची कथा-कादंबरीकार झाली आणि बाईने स्वतःची नाती स्वतः निवडण्याचा प्रश्न तिने कथेत आणला. मुलगा आनंद शेती आणि ग्रामीण तंत्रज्ञानाकडे वळला. नातींपैकी नंदिनी निंबकर यांनी फलटणला शेतीसंशोधन केले, मंजिरी निंबकर यांनी तिथे शाळा चालवली, प्रियदर्शिनी कर्वे यांनी स्वच्छ इंधनावर काम केले. गौरीची मुलगी ऊर्मिला देशपांडे हिने तियागो पिंतो बार्बोसा यांच्यासह २०२४ मध्ये आजीचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि त्याला घरातलेच नाव दिले, ‘इरू’. चरित्राचे काम बर्लिनमधल्या त्या प्रबंधापर्यंत पोचते. आजीने इतरांच्या वंशावळी उतरवल्या होत्या. तिच्या शिक्षणाचा आणि विचारांचा माग नातीने काढला.