दोन घरं बदलली, टेम्पो एकच लागला

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी एकाच महिन्यात दोन घरं बदलली. पहिलं कोथरूडमधलं वन बीएचके. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं, मालकांनी भाडं वाढवलं, मी सामान टेम्पोत टाकलं आणि थेट धायरी गाठली. दुसरं घर माझ्या कोडचं. त्याला ना टेम्पो लागला ना हमाल. तरी सांगते, डोक्याला जास्त शॉट लागला तो या दुसऱ्या शिफ्टिंगनेच.

मी फ्रीलान्स वेब डेव्हलपर. क्लिनिक, मसालेवाले, ट्रेकिंग ग्रुप, जो येईल त्याची वेबसाइट बनवते. आमच्या धंद्यात कोड 'गिटहब'वर ठेवायचा ही जवळजवळ रीतच. कॉलेजात असताना अकाउंट उघडलं ते नऊ वर्षं तिथेच. रोजच्या कामाचे हिरवे चौकोन आणि लोकांनी दिलेले स्टार. स्थळाच्या पत्रिकेत उंची-रास असते ना, तसं आमच्याकडे हे.

तिथलं माझं सगळ्यात लाडकं बाळ म्हणजे एक छोटीशी लायब्ररी. बिलावरचा आकडा घेऊन ती खाली 'रक्कम अक्षरी' मराठीत लिहून देते. सोपं वाटलं? इंग्रजीत विशीचा फंडा क्लिअर झाला की गाडी थेट नव्व्याण्णवपर्यंत जाते. मराठीत प्रत्येक आकड्याचा वेगळा नखरा! 'सत्त्याण्णव' की 'सत्याण्णव' यावर माझ्या पानावर दोन अनोळखी माणसं तीन आठवडे भांडली. एक नागपूरचा, दुसरा टोरांटोत नोकरी करणारा. भांडता भांडता दोघांनी माझ्या यादीतल्या अकरा चुका सुधारून दिल्या. फुकट. मीही ती लायब्ररी जीपीएल लायसन्सखाली ठेवली. म्हणजे कुणीही वापरा, बदला, विका. पण पुढे देताना तीच मोकळीक द्या आणि मूळ नावं पुसू नका.

मग बिनसलं कुठे? खरं तर माझं वैयक्तिक भांडण काहीच नव्हतं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला गिटहब विकत घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा मी खांदे उडवले होते. मालक बदलला, भाडं तर शून्यच आहे! २०२१ मध्ये 'कोपायलट' आलं. तुम्ही दोन ओळी टाइप करा, पुढच्या दहा ते सुचवणार. सॉलिड प्रकार. पण ते शिकलं कशावर, तर जगभरच्या लोकांनी उघड्यावर ठेवलेल्या कोडवर. २०२२ मध्ये त्यावरून अमेरिकेत खटला दाखल झाला. त्याच वर्षी 'सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेने गिटहब सोडा, अशी मोहीमच काढली. कायद्याचा कीस वकील काढतील. मला आठवत होते ते नागपूर आणि टोरांटो. त्यांनी दिलेले तीन आठवडे एका अटीवर दिले होते. त्या अटीचा मान ठेवणं माझं काम होतं.

आणि फुकटच्या घराची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्या 'गिट'वर आमचं सगळं चालतं, ते जन्मलंच मुळी अशा घरातून बाहेर पडावं लागलं म्हणून. लिनक्सचा कोड आधी एका कंपनीच्या 'बिटकीपर' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवला जायचा, फुकट. २००५ मध्ये कंपनीने ती सवलत काढून घेतली. लिनस टॉरवाल्ड्सने तक्रार करत बसण्याऐवजी त्याच एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. त्याची रचनाच अशी की ज्याच्याकडे कोडची प्रत, त्याच्याकडे पूर्ण इतिहास. मुख्य ऑफिस असं नाहीच. आणि आपण काय केलं? पुन्हा सगळे एकाच इमारतीत राहायला गेलो.

एकाच इमारतीचा दरवाजा बंद झाला की काय होतं हेही पाहून झालंय. डिसेंबर २०१४ मध्ये आपल्याकडेच सरकारी आदेशाने काही साइट्स ब्लॉक झाल्या, त्यात गिटहब होतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या डेव्हलपर्सच्या अकाउंटवर मर्यादा आल्या. इराणपुरती परवानगी मिळायला जानेवारी २०२१ उजाडला.

मी निवडलं 'कोडबर्ग'. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, फुकट मिळतंय ते सोडून कुठे निघालीस?"

"आई, तिथे मालकच नाही. २०१८ मध्ये स्थापन झालेली, बर्लिनमधली रजिस्टर्ड संस्था आहे. सभासद वर्गणी भरतात, मत देतात, कारभारी निवडतात. नफा नाही."

आई सांगलीला आमच्या हाउसिंग सोसायटीची बारा वर्षं खजिनदार होती. एका सेकंदात म्हणाली, "म्हणजे सहकारी सोसायटी की! मग आधी सांग, मेंटेनन्स वेळेवर येतो का?"

प्रश्न बरोबर होता. तिकडचा कारभार वर्गणी आणि देणग्यांवर चालतो, स्वयंसेवक राबतात. शिवाय ती जागा मोकळ्या लायसन्सच्या कामासाठी आहे, क्लायंटचा खासगी कोड तिथे ठेवायचा नाही. तो मी भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर 'फोर्जेओ' टाकून ठेवला. कोडबर्ग ज्यावर चालतं तेच हे सॉफ्टवेअर, कुणालाही वापरता येतं. नाव एस्पेरांतो भाषेतलं, अर्थ लोहाराची भट्टी.

प्रत्यक्ष शिफ्टिंग एका रविवारी झालं. लायब्ररीची जुनी लिंक दिली, बटण दाबलं. कोड आला, सगळा इतिहास आला, सत्त्याण्णवचं भांडणसुद्धा शब्दन् शब्द आलं. स्टार मात्र आले नाहीत. २१४ चे शून्य! नऊ वर्षांचे हिरवे चौकोनही तिकडेच राहिले. वेडेपणा वाटेल, पण त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही. जुन्या पत्त्यावर मी अस्सल पुणेरी पाटी लावली, 'आमचे दुकान हलविले आहे. नवीन पत्ता खाली दिला आहे. वाचूनही इथेच विचारणाऱ्यांस उत्तर मिळणार नाही.'

फटका बसलाच. मेमध्ये एका कंपनीचं काम जवळजवळ ठरलं होतं. त्यांच्या माणसाने प्रोफाइल उघडलं, गेल्या दोन महिन्यांचे चौकोन रिकामे दिसले. "हल्ली काम बंद आहे का तुमचं?" मी नवी लिंक पाठवली, चार ओळींत कारणही लिहिलं. उत्तर आलं नाही. तीन महिन्यांचं भाडं सुटलं असतं त्यात.

त्यात ऑगस्टमध्ये एका रात्री माझ्या सर्व्हरची डिस्क भरली आणि क्लायंटची रिपॉझिटरी उघडेना. चूक शंभर टक्के माझी, जुने बॅकअप मी तिथेच साठवत गेले होते. घाम फुटला. मग लक्षात आलं, लॅपटॉपवर पूर्ण प्रत आहे की! अर्ध्या तासात सगळं जागेवर. लिनसबाबाला मनोमन नमस्कार केला. तेव्हापासून बॅकअप वेगळ्या जागी जातो आणि रविवारच्या चहाबरोबर तपासला जातो.

तुम्ही म्हणाल, मग सोडलंस का पूर्णपणे? नाही. दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमधली चूक दुरुस्त करायची तर जिथे ते राहतात तिथेच जावं लागतं, म्हणून जुनं अकाउंट ठेवलंय. मित्रांकडे जाणं सोडलेलं नाही, राहायला फक्त माझ्या घरी असते. नव्या क्लायंटला कोटेशनबरोबर आता दोन ओळी पाठवते: कोड कुठे राहील, आणि उद्या माझ्याशी पटलं नाही तर तो कसा घेऊन जाता येईल. मसालेवाल्या काकांनी ते वाचून फोन केला, "म्हणजे वेबसाइट माझीच ना?" आधीच्या माणसाने त्यांना कधी पासवर्डही दिला नव्हता म्हणे. काम मिळालं. मेचं नुकसान त्यातून भरून निघालं नाही, पण निम्मं तरी निघालं.

लायब्ररीला नव्या घरी आजवर सतरा स्टार मिळालेत. त्यातला एक टोरांटोचा. नागपूरवाल्याने स्टार दिला नाही, 'एकोणऐंशी'बद्दल नवीन तक्रार टाकलीय.

आणि हो, सोसायटीची वर्गणी भरली. पावतीचा फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर, "एजीएमला जाशील ना? नुसती वर्गणी भरणारे सभासद मला कधीच आवडले नाहीत."